साधं औद्योगिक रबर शीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंपघर, गोठा, क्रशर, फौंड्री, वर्कशॉप, कुठेही काळं रबर शीट लागतंच. ते घ्यायला आलेले बहुतेक जण आधी जाडी सांगतात आणि लगेच भाव विचारतात. आमचा आग्रह असतो की आधी त्या रबराला काय लागणार आहे ते सांगा. पाणी, तेल, वाफ, ऊन, दूध की नुसती धूळ? एवढं कळलं की निम्म्याहून जास्त चुका तिथेच टळतात. खालचे प्रश्न रोज विचारले जाणारे आहेत.

जनरल पर्पज शीट म्हणजे नेमकं काय?

नैसर्गिक रबर, एसबीआर नावाचं कृत्रिम रबर किंवा दोन्हींचं मिश्रण, त्यात काजळी, चिकणमाती किंवा चुन्याची भुकटी, थोडं तेल, गंधक आणि इतर रसायनं. स्वस्त मालात जुन्या टायरपासून काढलेलं रिक्लेम रबरही असतं. कडकपणा बहुधा ६० ते ७० शोअर ए (कडकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितकं रबर कडक), म्हणजे साधारण गाडीच्या टायरच्या पट्ट्याइतका. हवा, पाणी, सौम्य आम्ल-क्षार, धक्का आणि घासण हे शीट नीट सोसतं. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आत असावं.

तेल, पेट्रोल, डिझेल, ग्रीस, वाफ, खाद्यपदार्थ, पिण्याचं पाणी आणि विजेपासून संरक्षण ही कामं या शीटची नाहीत. नावात ‘जनरल’ असल्यामुळे लोक ते सगळीकडे लावतात आणि नंतर रबराला दोष देतात.

हे बनतं कसं?

रबर आणि बाकीचा मसाला नीडरमध्ये किंवा दोन रोलांच्या मिलवर मळतात, मग कॅलेंडर नावाच्या रोलांच्या यंत्रातून काढून हव्या त्या जाडीचा थर करतात. इथपर्यंत माल कच्चा असतो, ओढला तर ओढलेलाच राहतो. नंतर साधारण १५० अंशांच्या आसपास तापवून तो पक्का करतात. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ताणल्यावर मूळ आकारात परत येण्याचा गुण येतो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं आणि १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

शीट कसं पक्कं केलंय ते पृष्ठभागावरून ओळखता येतं. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत असतील तर ते प्रेसमध्ये बनलेलं असतं. कापडाच्या विणीची बारीक छाप दिसत असेल, तर कच्चा थर कापडात गुंडाळून वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद टाकीत) शिजवलेला असतो. कापडाची छाप हा दोष नाही. मात्र बारीक पॅकिंगसाठी, म्हणजे गळती थांबवायला सांध्यात बसवायच्या रबरासाठी, गुळगुळीत शीट बरं पडतं.

नैसर्गिक रबर चांगलं की एसबीआर?

काम कुठलं त्यावर आहे. एसबीआर पेट्रोलियमपासून बनतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेनं सरकारी कार्यक्रम हाती घेऊन हे रबर मोठ्या प्रमाणावर काढलं. टायरच्या आणि शीटच्या धंद्यात ते तेव्हापासून पक्कं बसलं. उष्णतेत ते नैसर्गिक रबरापेक्षा थोडं जास्त टिकतं.

चिवटपणा, फाटण्याला विरोध आणि लवचीकपणा यांत मात्र नैसर्गिक रबर वरचढ आहे. आपल्याकडे ते मुख्यतः केरळातून येतं. रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमला आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत, त्या पाहायला मिळाल्या तर जरूर पाहा. झाडाला तिरकी चीर देऊन थेंब थेंब चीक गोळा करताना पाहिलं की या मालाची किंमत वेगळ्या नजरेनं कळते.

किलोनं घ्यावं की चौरस मीटरनं?

बाजारात किलोचा भाव सांगायची पद्धत आहे, आणि ग्राहकाचं सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं. शीटमध्ये भुकटी जितकी जास्त, तितकं ते जड आणि तितकं कमकुवत. किलोचा भाव कमी दिसतो, पण तेवढ्याच जागेला किलो जास्त लागतात.

आकडे घालून पाहू. १ मीटर × १ मीटर × ५ मिमी शीट म्हणजे ५ लिटर आकारमान. घनता १.४ असेल तर वजन ७ किलो, १.८ असेल तर ९ किलो. समजा पहिल्याचा भाव १२० रुपये किलो आणि दुसऱ्याचा १०० रुपये. पहिलं शीट ८४० रुपयांना पडलं, दुसरं ९०० रुपयांना. म्हणजे ‘स्वस्त’ माल घेणाऱ्यानं ६० रुपये जास्त मोजले आणि वर चुन्याची भुकटी घरी नेली.

हिशेब सोपा आहे: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, तिन्हींचा गुणाकार करून घनतेनं गुणा, वजन किलोत येतं. घनता विचारायला संकोच करू नका. माहीत नाही म्हणाले, तर एक तुकडा मोजून-तोलून स्वतःच काढा. जाडीही चारही कोपऱ्यांवर व्हर्नियरनं बघा. ५ मिमी म्हणून दिलेलं शीट एका कडेला ४.५ भरलं तर पॅकिंग एका बाजूनं गळणार.

दुकानात उभ्या उभ्या दर्जा कसा ओळखावा?

कोपरा पूर्ण दुमडून नखानं घट्ट दाबा आणि वळणावर निरखून बघा. बारीक भेगा किंवा पांढरट रेघ दिसली तर भुकटी जास्त आहे किंवा शीट जुनं आहे. सोडल्यावर कोपरा झटकन सरळ व्हायला हवा. कडेला ब्लेडनं छोटी चीर देऊन ओढा. चांगलं रबर चीर पुढे जाऊ देत नाही, हातात जोर लागतो. वाईट शीट कागदासारखं सरळ फाटत जातं. कापलेल्या कडेत बारीक छिद्रं दिसली, तर ते नीट शिजलेलं नाही. जळक्या टायरसारखा उग्र वास बहुधा रिक्लेमचा असतो. जमिनीवर अंथरायला रिक्लेम चालेल, पंपाच्या फ्लँजला (पाइप बोल्टनं जोडायच्या कडेला) नको.

शीटवर पांढरी भुकटी आली आहे, खराब झालं का?

नाही. आतलं मेण किंवा गंधक हळूहळू पृष्ठभागावर येतं. मेण मुद्दाम घातलेलं असतं, हवेतल्या ओझोनपासून ते रबराला वाचवतं. फडक्यानं पुसलं तरी पुन्हा येईल. फक्त चिकटवायच्या आधी ते पूर्ण काढावं लागतं.

पाण्याच्या पंपाच्या फ्लँजला किती जाडीचं पॅकिंग घालावं?

बहुतेक वेळा ३ मिमी पुरतं. जाड पॅकिंग जास्त गळती थांबवेल असं वाटतं, पण होतं उलट. पाण्याचा दाब रबराला बाहेर ढकलत असतो, आणि कड जितकी जाड तितकी ढकलायला जागा जास्त. फ्लँजचे खाचखळगे भरून निघतील इतकीच जाडी ठेवा. बोल्ट आवळल्यावर रबर मूळ जाडीच्या २० ते २५ टक्के दबावं. ३ मिमीचं साधारण २.३ ते २.४ मिमी झालं की थांबा. कडेनं रबर फुगून बाहेर आलं म्हणजे आवळणं जास्त झालं.

बोल्ट समोरासमोर आवळा, शेजारशेजारचे नाही, आणि एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. फ्लँजला ऑईल किंवा ग्रीस लावून पॅकिंग बसवायची सवय अनेक फिटरना असते. साध्या रबराला ते हळूहळू फुगवतं, त्यामुळे ती सवय सोडायला सांगा. मोठा फ्लँज किंवा जास्त दाब असेल तर कापड घातलेलं शीट घ्या. त्याला इन्सर्शन शीट म्हणतात. आतल्या कापडामुळे रबर बाजूला पसरत नाही आणि बोल्टच्या भोकांपाशी फाटत नाही. साध्या आणि कापडी अशा दोन्ही जॉइंटिंग शीटसाठी आयएस ६३८ हे भारतीय मानक आहे. टेंडरमध्ये किंवा खरेदीच्या ऑर्डरवर ते लिहीत चला.

वाफेच्या लाईनला चालेल का?

नाही. बॉयलरच्या वाफेला साधं रबर आधी मऊ पडतं, मग कडक होऊन चिरतं. कमी दाबाच्या वाफेला, गरम पाण्याला ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर चालतं. त्याहून जास्त दाबाच्या वाफेला ॲस्बेस्टॉसविरहित दाबलेल्या तंतूचं जॉइंटिंग किंवा धातूचं स्पायरल वाऊंड पॅकिंग लागतं. वाफेचं पॅकिंग उडालं तर माणूस भाजतो. दुकानात जे आहे त्यावर भागवायची ही जागा नाही.

तेल लागत असेल तर?

नायट्राइल घ्या, हे तेल सोसणारं कृत्रिम रबर आहे. खनिज तेल रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि शीट फुगतं, मऊ होतं, शेवटी गळून पडतं. नैसर्गिक, एसबीआर आणि ईपीडीएम ही तिन्ही यात मार खातात.

शंका असेल तर ही चाचणी घरीच करा. शीटचा साधारण ५० मिमीचा चौकोनी तुकडा कापा, व्हर्नियरनं लांबी, रुंदी, जाडी मोजून कागदावर लिहा. बरणीत तुमचंच तेल किंवा डिझेल घेऊन तो तुकडा दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. बाहेर काढून पुसा आणि पुन्हा मोजा. साधं शीट असेल तर मोजायच्या आधीच कळतं: कडा वळलेल्या असतात, तुकडा डोळ्यांना मोठा दिसतो, अंगठ्यानं घासलं तर काळं बोटाला येतं. नायट्राइलचा तुकडा जवळजवळ होता तसाच राहतो. काळं शीट दाखवून ‘नायट्राइलच आहे’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ही बरणी बरी.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला नायट्राइलही आधी तपासूनच वापरा. अशा कामाला बहुतेकदा व्हिटॉन नावाचं आणखी एक कृत्रिम रबर लागतं. ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाला नायट्राइल आणि बुचाचं मिश्रण असलेलं कॉर्क शीट वापरतात. ते दबतं, पण बाजूला फारसं पसरत नाही.

इलेक्ट्रिक पॅनेलसमोर हे काळं शीट अंथरलं तर चालेल का?

कृपा करून अंथरू नका. काजळी हा कार्बन आहे आणि तो वीज वाहून नेऊ शकतो. काळ्या शीटमध्ये काजळी किती घातली आहे ते वरून दिसत नाही. रबर म्हणजे इन्सुलेशन या समजुतीवर अनेक छोट्या वर्कशॉपमध्ये पॅनेलसमोर साधं शीट टाकलेलं दिसतं, आणि दरवेळी काळजात धस्स होतं. त्यावर उभ्या असलेल्या वायरमनला आपण सुरक्षित आहोत असं वाटत असतं.

या कामासाठी आयएस १५६५२ : २००६ या मानकाची इन्सुलेटिंग मॅट मिळते. ३.३ केव्हीपर्यंत (३,३०० व्होल्ट) ‘ए’ वर्ग, जाडी २ मिमी. ११ केव्हीपर्यंत ‘बी’ वर्ग, २.५ मिमी, ३३ केव्हीपर्यंत ‘सी’ वर्ग, ३ मिमी. मॅटवरच मानकाचा क्रमांक आणि वर्ग छापलेला असतो. जाडी जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हा हिशेब इथे लागू नाही. १२ मिमीचं साधं शीट २ मिमीच्या प्रमाणित मॅटची जागा घेऊ शकत नाही. छाप आणि चाचणीचं प्रमाणपत्र बघूनच पैसे द्या.

यंत्राची थरथर कमी करायला खाली पूर्ण शीट टाकू का?

पूर्ण शीट टाकून फार फरक पडणार नाही. कारण असं, की रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. ते खाली दबतं तेव्हा बाजूला फुगतं. मोठ्या शीटच्या मधल्या भागाला फुगायला जागाच नसते, त्यामुळे ते लाकडासारखं कडक वागतं. यंत्राच्या चार पायांखाली १० ते १२ मिमीचे लहान तुकडे, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवा, शीट ५० शोअरच्या आसपासचं मऊ घ्या. खाचा असलेले पॅड मिळाले तर आणखी चांगलं, कारण फुगायची सोय त्या खाचांतच असते. हळू फिरणाऱ्या जड यंत्राला किंवा पॉवर प्रेसला मात्र शीटचे तुकडे पुरत नाहीत, तिथे हिशेब करून बनवलेले माउंट लागतात.

क्रशरच्या कन्व्हेयरला स्कर्ट म्हणून जुना पट्टाच कापून लावला तर?

स्कर्ट म्हणजे माल बाहेर सांडू नये म्हणून पट्ट्याच्या कडेनं लावलेली रबराची पट्टी. जुना पट्टा लावला तर पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण नवा पट्टा खराब होतो. जुन्या पट्ट्याच्या आत कापडाचे थर असतात. त्याची कापलेली कड चालत्या पट्ट्याला टेकली की बारीक खडी त्या धाग्यांत अडकते. मग तो स्कर्ट दिवसभर पट्ट्यावर करवतीसारखा चालतो आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना लांबच्या लांब खाचा पडतात. स्कर्टला कापड नसलेलं शीट घ्या, १० किंवा १२ मिमीचं, पट्ट्याच्या वरच्या थरापेक्षा मऊ. म्हणजे झिजायचं ते स्कर्ट झिजेल. स्कर्ट पट्ट्यावर दाबून न बसवता जेमतेम टेकवायचा आणि झिजेल तसा खाली सरकवायचा.

कोल्हापूरसारख्या फौंड्रीच्या गावात शॉट ब्लास्टिंगच्या (छर्ऱ्यांच्या माऱ्यानं माल साफ करायच्या) पेटीला आतून शीट लावायचं काम नेहमी निघतं. तिथेही मऊ नैसर्गिक रबरच घ्या, ४० शोअरच्या जवळपासचं. छर्रा आदळला की मऊ रबर त्याला परत उडवतं आणि स्वतः कमी झिजतं. कडक शीटचे तिथे टवके निघतात.

गोठ्यात गाईंखाली टाकायला कोणतं घ्यावं?

गोठ्यासाठी बनवलेली मॅटच घ्या. ती १५ ते २० मिमीच्या आसपास जाड असते, वरून खरखरीत आणि खालून गुठळ्या किंवा नाल्या असलेली. वरच्या खरखरीमुळे खूर घसरत नाही, खालच्या गुठळ्यांमुळे बसता-उठताना गुडघ्याला गादी मिळते आणि मूत्र वाहून जातं. सपाट औद्योगिक शीट ओलं झालं की निसरडं होतं आणि त्याच्याखाली घाण साचून वास मारते. मॅट घातली तरी जमिनीला उतार हवाच, आणि अधूनमधून मॅट उचलून खालची जागा धुवायला हवी. संकरित, वजनदार गाय सिमेंटच्या जमिनीवर घसरली तर दुधाचं आणि जनावराचं जे नुकसान होतं, त्यापुढे मॅटचा खर्च काहीच नाही.

दूध, रस, तूप, मसाले यांना लागणाऱ्या ठिकाणी?

तिथे फूड ग्रेड शीटच लागतं, आणि तसं लेखी घ्या. रंग पांढरा असला म्हणजे फूड ग्रेड होत नाही. पांढरी भुकटी घातलेलं साधं शीटही पांढरंच दिसतं. पाण्यासारख्या द्रवांना आणि गरम धुलाईला ईपीडीएम चांगलं, पण तूप-तेल असेल तर फूड ग्रेड नायट्राइल किंवा सिलिकॉन. सिलिकॉन २०० अंशांपर्यंतही टिकतं, मात्र ते लवकर फाटतं.

बाहेर उन्हात कोणतं टिकेल?

ईपीडीएम सर्वात चांगलं, त्याखालोखाल निओप्रीन, हेही कृत्रिम रबरच. साध्या शीटला ऊन आणि ओझोन दोन्ही बाधतात, विशेषतः ते ताणलेलं असेल तर. ताणाच्या आडव्या दिशेनं भेगा पडू लागल्या की समजा, ओझोनचं काम आहे. एकदा सुरुवात झाली की वरून काही लावून उपयोग होत नाही.

कापायचं, भोकं पाडायची आणि चिकटवायचं कसं?

ब्लेडला साबणाचं पाणी लावत राहा, रबर त्याला धरत नाही. जाड शीट एका घावात कापायचा हट्ट नको, त्याच रेघेवरून तीन-चार वेळा हलकं ब्लेड फिरवा आणि चीर थोडी उघडी धरा. भोकांना धारदार पंच, खाली लाकडाचा आडव्या कापाचा ठोकळा. फरशीवर ठोकलं तर पंचाची धार जाते. आधी बोल्टची भोकं पाडा, मग आतलं वर्तुळ, बाहेरची कड सर्वात शेवटी. अशानं रिंग हातात वळवळत नाही.

चिकटवताना शीटचा तुकतुकीत थर पॉलिश पेपरनं घासून काढा, पत्रा गंज काढून स्वच्छ करा. निओप्रीनचं काँटॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांना लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हा वेळ बराच वाढतो. घाई केली तर आत ओलावा अडकून फोड येतात. मग मधून कडेकडे हवा काढत रोलर फिरवा. ईपीडीएम आणि सिलिकॉन या पद्धतीनं नीट चिकटत नाहीत, त्यांना नट-बोल्ट आणि पट्टी बरी. जवळपास वेल्डिंग चालू असेल तर ते आधी थांबवा. ॲडेसिव्हची वाफ लगेच पेट घेते.

शीट किती वर्षं ठेवता येतं?

नीट ठेवलं तर साध्या शीटला ५ वर्षं धरा, नायट्राइल आणि निओप्रीनला ७, ईपीडीएम, सिलिकॉन, व्हिटॉनला १०. साठवणीबद्दल आयएसओ २२३० हे मानक आहे. सावलीत, शक्यतो २५ अंशांच्या आत, गुंडाळी सैल ठेवून. दुमडून ठेवू नका, वर वजन ठेवू नका. मोटार, कंप्रेसर, वेल्डिंग सेट यांच्या शेजारी तर नकोच, कारण ठिणगी पडते तिथे ओझोन तयार होतो. पत्र्याच्या शेडमधल्या माळ्यावर उन्हाळ्यात साठवलेलं शीट वापरण्यापूर्वीच म्हातारं झालेलं असतं. जुना माल आधी वापरा, आणि गुंडाळीवर खडूनं तारीख लिहा.

जुनं पॅकिंग उघडल्यावर चांगलं दिसलं तर पुन्हा बसवावं का?

नाही. दाबाखाली राहिलेलं रबर पूर्ण परत फुलत नाही. जुन्या फ्लँजचे ठसे त्यावर उमटलेले असतात आणि ते तसेच पुन्हा जुळत नाहीत. ५० रुपयांच्या तुकड्यासाठी लाईन दुसऱ्यांदा बंद करावी लागते.

टाकाऊ तुकड्यांचं काय करावं?

जाळू नका. काळा दाट धूर निघतो आणि तो शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो. मोठ्या तुकड्यांमधून वॉशर, दाराचे स्टॉपर, शिडीच्या पायाचे जोडे, पाइपच्या क्लॅम्पखालच्या पट्ट्या निघतात. बाकीचं गोणीत साठवून टायरचा भुगा किंवा रिक्लेम करणाऱ्यांकडे द्या. तेलात भिजलेले तुकडे मात्र त्या गोणीत टाकू नका, ते वेगळे ठेवून घातक कचरा म्हणूनच द्यावे लागतात.